एकवीस दिवसांची सावड

शिबिराचा कागद खिशात घालून धर्मराज मास्तर टेंभुर्णीहून वाडीला निघाला. पाच मैलांच्या वाटेत त्यानं आपल्या पदरात काय काय पडणार ते तीनदा जोखून पाहिलं आणि तिन्ही वेळा ते वाढतच गेलं. पहिल्या मैलाला नुसती दहावी होती. जूनपासून नवी दहावी येत होती, तिचं नवं गणित येत होतं, आणि जालन्याच्या उन्हाळी शिबिरात एकवीस दिवस बसून ते जो शिकून येईल त्यालाच वर्ग देईन, असं हेडमास्तरांनी सांगितलं होतं. ओढा ओलांडेपर्यंत दहावीच्या मागोमाग अप्पाराव मास्तर आले. सतरा वर्षं वरच्या वर्गांचं गणित त्यांनी एकट्यानं शिकवलेलं, आणि धर्मराजला ते सगळ्यांसमोर 'अहो पाचवीवाले' अशी हाक मारीत. त्यांच्या घरी मे महिन्यात लग्न होतं. ते शिबिराला जाणार नव्हते, म्हणजे जूनमध्ये पाचवीला जाणार होते. वाडीच्या बाभळी दिसायला लागल्या तेव्हा तर टेंभुर्णीच्या बाजारात धोतरवाले बाप दोन्ही हातांनी रामराम घालू लागले होते, आणि धर्मराज मान हलवून एकेकाला पुढं जाऊ देत होता.

खर्चाची बाजू मात्र त्यानं कोरी ठेवली होती. ती भुजंगानं भरली.

भुजंग, त्याचा थोरला भाऊ, अंगणात मोटेच्या चाकाच्या कण्याला तेल घालत बसला होता. त्यानं कागद हातात घेतला नाही. तेलाचे हात होते, शिवाय वाचता येत नव्हतं.

"कवापून?"

"येत्या सोमवारपासून."

"म्हंजे कडूबाच्या हिरीला सुरुवात होती तवापून." भुजंगानं चाक एकदा फिरवून पाहिलं. "आन् आपली हीर झाली."

त्यात सगळं आलं. मागल्या दुष्काळात वाडीच्या विहिरींनी तळ दाखवला होता, आणि या उन्हाळ्यात जो तो आपली विहीर खोल करायला लागला होता. मजुरीवर माणूस शोधून मिळत नव्हता. म्हणून भुजंग, कडूबा आणि पुंजाराम या तीन घरांनी सावड धरली होती. एका विहिरीवर तिन्ही घरची माणसं, घरटी दोन, रोजच्या रोज. मग दुसरी विहीर, मग तिसरी. माणसाला माणूस, दिवसाला दिवस. भुजंगाची विहीर पहिली निघाली. साऱ्या एप्रिलभर दोन घरची माणसं तिच्यात उतरली, आणि चार हातांवर पाणी लागलं. धर्मराज तेव्हा परीक्षांच्या पेपरात होता. रविवारी तेवढा यायचा. ते सगळ्यांनी चालवून घेतलं होतं. मास्तर सुट्टीत फेडंल, असं कडूबानं स्वतः सांगितलं होतं. आणि सुट्टी आता जालन्याला चालली होती.

संध्याकाळी दोघं भाऊ कडूबाकडं गेले. कडूबा सावडीतला सगळ्यात जाणता, साठीला टेकलेला. सावडीच्या खुणा त्याच्याकडं. विहिरीच्या थारोळ्याच्या, मोटेचं पाणी पडतं त्या हौदाच्या, भिंतीवर तो चुन्याच्या रेघा ओढायचा, घरागणिक वेगळ्या रांगेत. त्या रेघांपुढं कुणी बोलत नसे.

"जा की मास्तर," कडूबा म्हणाला. "शिकायला कोन आडवं येतंय? फकस्त बदली मानूस दे."

"माणूस कुठून आणू मामा? गावात मोकळा गडी हाये का कुणी?"

"मंग बाई दे. पर बाईमानूस अर्धं धरीन. तशी रीत हाये."

"चालेल," धर्मराज म्हणाला.

भुजंगानं त्याच्याकडं पाहिलं, पण शब्द गेला होता. धर्मराजनं तेवढ्यात मनातल्या मनात गुणाकारही उरकला, एकवीस दुणे बेचाळीस, आणि तो किती चटकन आला याचं त्याला बरं वाटलं.

शिवकन्येला, म्हणजे त्याच्या बायकोला, हे ताटावर कळलं. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत.

"बेचाळीस?"

"एकवीस हिरीवर. उरलेले मग पावसाळ्यात, त्यांच्या खुरपणीला."

"पावसाळ्यात आपल्या रानात तन न्हाई का उगवत?"

धर्मराजनं आमटीत भाकरी कुस्करली. कोपऱ्यात बसलेली थोरली जाऊ नंदाबाई म्हणाली, "तन बी शिबिराला जाईल गं. एकवीस दिवस."

"हिरीवर काम काय?" शिवकन्येनं विचारलं.

"घमेली उचलायची, दुसरं काय."

"घमेली उचलायला कडूबामामाची ल्येक हाये. दुसऱ्या चाकावर बैल कोन हाकणार? तुम्हीच हाकणार होतात ना?"

धर्मराजनं होकारासारखं काहीतरी केलं.

"मंग बैल मी हाकीन," ती म्हणाली. भोकरदनकडं तिच्या माहेरी मोट होती. भाऊ लहान होते तोवर बापानं तिलाच बैलांमागं मोटेच्या दोरावर, नाड्यावर, बसवलं होतं.

*

जालन्याच्या शाळेवर पत्रे होते. अकरानंतर ते तापून कुरकुरायला लागत, आणि सातवीच्या पोरांच्या बाकांत अडतीस मास्तर गुडघे आडवे घालून बसत. औरंगाबादहून आलेले जहागीरदार सर शिकवायला होते. बारीक अंगाचे, खादीचा सदरा, आवाज एवढा हळू की मागच्या बाकाला पुढं सरकावं लागे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "दोन ढीग आहेत. दोन्हींत वस्तू सारख्याच आहेत की नाही, कसं सांगाल?"

धर्मराजनं हात वर केला. "मोजून."

"मोजता येत नाही असं धरा. आकडेच माहीत नाहीत."

परतूरचे एक मास्तर तंबाखूची पिंक टाकायला म्हणून उठले ते बराच वेळ आले नाहीत.

"बाहेर चपला आहेत," सर म्हणाले, "आत माणसं आहेत. एकेकानं जा, आपला जोड पायात घाला, आणि उभे राहा."

सगळे गेले. सगळ्यांना जोड मिळाले. एक माणूस उरला. धर्मराजच्या चपलेचा अंगठा सकाळी तुटला होता, ती चांभाराकडं होती, आणि तो तापलेल्या फरशीवर एक पाय उचलून उभा होता.

"मोजलं का कुणी?" सरांनी विचारलं. "नाही. तरी कळलं की माणसं एकानं जास्त आहेत. एकाला एक लावा. काही उरलं नाही तर सारखे. कोण मोठा, कोण लहान, कुणाची चप्पल नवी, हे बघायचंच नाही. ही एकास एक संगती."

सदतीस मास्तर हसले ते धर्मराजच्या पायाला, पण गोष्ट त्याला पक्की बसली. रात्री वहीत उतरवताना त्यानं तिच्याखाली दोन रेघा मारल्या.

पुढं संच आले, उपसंच आले, एकमेकांत घुसलेली वर्तुळं आली. खादीफलक आला: लाकडी चौकटीवर ताणलेली जाडी खादी, तिला कापडाचे तुकडे नुसते दाबले की चिकटून राहत. हे साधन प्रत्येकानं स्वतः करायचं होतं, घरात मिळेल त्या सामानातून. साठ तुकडे, आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर पाठ. पाठ नीट झाला तरच प्रमाणपत्र.

धर्मराजला सुई धरता येत नव्हती. दुसऱ्या शनिवारी, रविवारची सुट्टी धरून, तो संध्याकाळच्या एसटीनं वाडीला आला.

*

नंदाबाई ओसरीवरच भेटली. "आलं का मास्तर? शाळंत ऊन लागतं का हो?"

"लागतं वैनी. पत्रे हायेत."

"अरे देवा. डोक्यावर पत्रे."

शिवकन्या भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही तळव्यांना हळदतेल होतं आणि हात मांडीवर उताणे ठेवले होते, जणू कुणी त्यात काही ठेवणार आहे. टाचा फुटून पांढऱ्या झाल्या होत्या. धर्मराजनं खादीची घडी आणि वही खाली ठेवली. साठ तुकड्यांची गोष्ट त्याच्या तोंडात आली होती, ती त्यानं तशीच ठेवली.

"उद्या मी जातो हिरीवर," तो म्हणाला. "तू बस घरी."

"बैल मागं येतील का तुमच्या हाकंनं?"

"आपलेच बैल हायेत."

सकाळी तो विहिरीवर गेला. दोन चाकं, आणि बैलांच्या चढउताराच्या दोन वाटा, धावा. एका धावेवर पुंजारामचा मुलगा रामकिसन, दुसरीवर धर्मराज. खाली पुंजाराम आणि भुजंग लोखंडी टोपल्यात दगड भरत. टोपलं भरलं की हाळी येई; बैल उतारानं धावेवरून निघत, त्यांच्या मागं नाड्यावर बसायचं, टोपलं वर येई, कडूबा ते ओढून रिकामं करी. इथवर जमलं. पुढं बैलांना उलटं चालवत धाव चढवायचं होतं. बैल चार पावलं आले आणि उभे राहिले. ते कुणाची तरी वाट पाहत होते. धर्मराजनं हाक घातली, कासरा ओढला. डावा बैल आडवा झाला, नाडा ढिला पडला आणि रिकामं टोपलं कठड्यावर आपटत हातभर खाली गेलं.

खालून पुंजारामचा आवाज आला. "वर कोन हाये रे त्या चाकावर?"

"मास्तर हाये," रामकिसन म्हणाला.

"मंग मी वर येतो. नातवंडं बघायची हायेत मला."

न्याहारीच्या आधीच कडूबानं बैल स्वतः धरले आणि धर्मराजला घमेल्यावर लावलं. दिवसभर तो कडूबाच्या लेकीच्या मागोमाग, डोक्यावर दगडांचं घमेलं घेऊन, ढिगापर्यंत गेला आणि आला. चुंबळ सारखी सरकत होती. दुपारी तळव्याला फोड आले ते संध्याकाळपर्यंत फुटलेही.

दिवेलागणीला कडूबानं थारोळ्याच्या भिंतीवर रेघ ओढली. अर्धी.

"मामा, मी गडी हाये," धर्मराज म्हणाला.

"गडी हायेस रे. पर काम घमेल्याचं केलंस. घमेल्याला अर्धीच."

रामकिसन तोंड फिरवून हसला. धर्मराज त्या रांगेकडं पाहत राहिला. तिच्यात त्याच्या अर्ध्या रेघेमागं तेरा अर्ध्या रेघा उभ्या होत्या, आणि त्या काही घमेल्याच्या नव्हत्या. प्रश्न जिभेवर आला. पण विचारलं तर कडूबा म्हणणार, एवढं वाटतंय तर तूच राहा उद्यापासून. आणि उद्या जालन्याला हजेरी होती. प्रश्न तिथंच विरघळला.

घरी शिवकन्येनं जुन्या पातळाचे तुकडे कापायला घेतले होते. नंदाबाईनं सांगितलं असणार. तळवे दुखत म्हणून ती कात्री बोटांच्या टोकांनी धरत होती, तरी कड सरळ निघत होती. तीस चांदण्या, तीस पानं.

"कशाला हे?"

"पोरांना दाखवायला. हे बघ." धर्मराजनं खादीवर एका ओळीत चांदण्या लावल्या, खाली पानं. "मोजायचं न्हाई. एका चांदणीला एक पान. कुठं काही उरलं न्हाई, म्हंजे दोन्ही बराबर. मोठं लहान बघायचं न्हाई, रंग बघायचा न्हाई."

तिनं एक पान उचलून पुन्हा जागेवर ठेवलं.

"रामकिसनचं एक टोपलं, माझं एक टोपलं. दिवसभर. मंग मामा काय मोजून राह्यले? टोपलं तर मोजीत न्हाईत. लुगडं मोजून राह्यलेत."

धर्मराजनं चांदण्या गोळा केल्या.

"तुम्ही बोला त्यांना," ती म्हणाली. "अर्धीचा शब्द तुम्हीच दिल्ता. वापस बी तुम्हालाच घ्यावा लागंल."

"बोलतो. सकाळी जाताना."

सकाळी जाताना वाट विहिरीवरूनच होती. कडूबा बैलांच्या खांद्यांना तेल लावत होता. धर्मराज थांबला, पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"काय मास्तर?"

"काही न्हाई मामा. नाडा जुना झालाय. बघून घ्या."

"बघितलाय," कडूबा म्हणाला. "जल्दी जा. एसटी जाईल."

*

शेवटच्या दिवशीचा पाठ छान झाला. चांदण्या आणि पानं खादीवर अशी बसली की जहागीरदार सर पुढं येऊन एक पान हातात घेऊन पाहू लागले. कड किती सफाईची आहे, म्हणाले. कुणी कापलं?

"घरीच केलं सर," धर्मराज म्हणाला. ते खोटं नव्हतं.

दुपारी प्रमाणपत्रं वाटली. आपल्या प्रमाणपत्राची गुंडाळी त्यानं पिशवीत न ठेवता हातातच धरली. टेंभुर्णीला उतरून चालत आला तेव्हा ऊन कलत होतं. कडूबाची विहीर त्याच दिवशी संपत होती. दोन्ही चाकं थांबलेली दिसली, बैल सोडलेले दिसले, आणि तरी सगळी माणसं तिथंच धावेवर बसलेली दिसली.

तो जवळ गेला. शिवकन्या धावेच्या धुळीत उकिडवी बसून खडे मांडत होती. डोईवरचा पदर पुढं ओढलेला, मान खाली. एका ओळीत काळे खडे, दुसरीत पांढरे. काळ्याला पांढरा, काळ्याला पांढरा. ओळी धाव संपेपर्यंत गेल्या होत्या आणि वळून परत येत होत्या.

"काळा रामकिसनभाऊजींचा, पांढरा माझा," ती कुणाकडं न बघता म्हणाली. "टोपलं वर आलं की खडा टाकला. सात दिवसांचे हायेत."

"तिनं एकटीनं न्हाई टाकले," रामकिसन म्हणाला. "आधी मी हसलो. मंग माझे मीच टाकाया लागलो. म्हणलं, ही मला कमी धरायची."

शेवटचा काळा पडला. शेवटचा पांढरा पडला. तिनं दोन्ही मुठी उघडून धुळीवर झटकल्या. तळव्यांना आता फोड नव्हते, घट्टे होते.

कडूबानं दोन्ही ओळी शेवटपर्यंत चालून पाहिल्या. मग त्याला धर्मराज दिसला.

"बरं झालं आलास मास्तर. हे तुझ्या शिबिरातलं का?"

"हो."

"मोजायचं न्हाई म्हणती ही. न मोजता बराबर म्हणती. हाये का?"

सगळे धर्मराजकडं पाहायला लागले. पुंजाराम, भुजंग, रामकिसन, कडूबाची लेक घमेलं पालथं घालून त्यावर बसलेली. शिवकन्येनं वर पाहिलं नाही.

"बराबर हाये," धर्मराज म्हणाला. "एकाला एक लागलाय. उरलं काही न्हाई."

"बिलकुल?"

"बिलकुल."

"त्या सोमवारी तू इथूनच गेल्तास," कडूबा म्हणाला. "मला म्हणलास नाडा जुना झालाय."

धर्मराजनं प्रमाणपत्राची गुंडाळी काखेत घेतली.

कडूबा उठला, गुडघ्यावर हात देऊन. चुन्याची वाटी घेतली, थारोळ्यापाशी गेला आणि शेवटच्या सात अर्ध्या रेघा बोटानं एकेक करून वर ओढल्या. पुऱ्या झाल्या.

"आन् मागल्या तेरा?" शिवकन्येनं विचारलं. आवाज चढला नव्हता.

"त्यांचे खडे हायेत का?"

"न्हाईत."

"मंग कसं करणार पोरी? तवा अर्धी म्हणून शब्द झाल्ता, तुझ्याच घरून. शब्दाला काय लावू मी?" तो वाटी पुसत म्हणाला. "इथून फुडं खडं. मागं शब्द."

तिनं पदर खोचला आणि बैलांचा कासरा सोडवायला गेली. धर्मराज तिच्या मागून चालला. अर्ध्या वाटेत त्यानं विचारलं, खडे टाकायचं कसं सुचलं. ती म्हणाली, तुम्हीच तर दाखवलं. त्यात टोमणा आहे की नाही हे त्याला घरापर्यंत कळलं नाही.

*

जूनमध्ये धर्मराजला दहावी मिळाली. अप्पाराव मास्तर पाचवीवर गेले आणि पहिल्याच दिवशी हजेरीपुस्तक काखेत घेऊन दारात उभे राहून म्हणाले, "अहो दहावीवाले, खडू उरला असंल तर द्या जरा." धर्मराजनं नवा खडू दिला. त्यात जी मजा यायला पाहिजे होती ती तेवढी आली नाही.

जुलैअखेर नवीन गणिताचा नमुना पाठ पाहायला बाहेरून साहेब आले. दहावीची पोरं दंडाला दंड लावून बसली. खादीफलक खिडकीपाशी उभा केला होता. चांदण्या लागल्या, पानं लागली, आणि मागच्या बाकावरच्या पोरानंही संगती बरोबर सांगितली. साहेबांनी हेडमास्तरांचं अभिनंदन केलं, हेडमास्तरांनी मान लववून ते घेतलं. एक छापील तक्ता भरायचा होता. त्यात एक रकाना होता: साधन तयार करणाऱ्याचे नाव. धर्मराजचं पेन त्या रकान्यावर थांबलं. मग त्यानं आपलं नाव लिहिलं, हुद्द्यासकट.

त्या वेळी शिवकन्या पुंजारामच्या कपाशीत वाकलेली होती. पुंजारामच्या विहिरीला पाऊस आडवा आला होता, म्हणून कडूबानं आपले येणे दिवस त्याच्या रानात वळते केले होते. तिच्या तेरा अर्ध्यांचे साडेसहा, मास्तराचा अर्धा, खड्यांचे सात, असे एकविसातले चौदा फिटले होते. गड्याचे सात दिवस राहिले, आणि खुरपणी बाईचं काम म्हणून कडूबानं त्यांचे चौदा केले. शेजारच्या तुकड्यात तिची स्वतःची कपाशी तणात बुडत होती, आणि ती पाठ सरळ करायची तेव्हा ती तिला दिसायची.

त्याच संध्याकाळी धर्मराज शाळेतून थेट त्या रानात आला. बांधावर चप्पल काढून उभा राहिला.

"रकान्यात माझं नाव लिवलं मी," तो म्हणाला.

"कशाच्या?"

त्यानं सांगितलं. शिवकन्येनं खुरप्याची माती काढली.

"मंग काय, तिथं माझं लिवणार होतात? साहेबांनी विचारलं असतं ही कोन मास्तरीण." ती पुन्हा वाकली. "नाव राहू द्या. ऐतवारी खुरपं घेऊन या."

रविवारी तो आला. पुंजारामच्या सुना त्याला पाहून पदराआड हसल्या. त्यानं कपाशीची दोन रोपं तणाबरोबर उपटली आणि चोरून परत रोवली. एका पातीला त्याला तिच्या दुप्पट वेळ लागला. संध्याकाळी कडूबा मुद्दाम बांधावर आला, दोन्ही पाती पाहिल्या, रोवलेली रोपंही पाहिली.

"खुरपणीला मास्तर म्हंजे बाईच्या अर्धं," तो म्हणाला. "खडे मांडून बघायचे का?"

"नको मामा," धर्मराज म्हणाला. "बराबर हाये."

पोळ्यापर्यंत एकवीसचे एकवीस फिटले. विहिरीचं पाणी भुजंगाला आणि सगळ्या घराला मिळालं, अभिनंदन हेडमास्तरांना, पाचवी अप्पारावांना, दहावी धर्मराजला. खुरपणीचे दिवस चौदा: बारा शिवकन्येनं दिले, दोन मास्तरांनी, चार रविवार लावून.